थोडक्यात हुकला

"अगं शालन, माझी ज्वारी अर्धीच दळलीय," बगाडेआक्का म्हणाल्या. "अर्धी डब्यात आणि अर्धी गिरणीच्या पोटात."

"मध्यंतरात उरलेली काढते, आक्का. बसा तिथं."

मी खटका खाली ओढलेला होता. पट्टा फडफडत मंद झाला, थांबला, आणि गिरणीत एकदम एवढी शांतता पसरली की भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जाऊ लागला. चार वाजले होते. आमच्या रामलिंग तालमीची मॅच सुरू होत होती, आणि रामलिंगची मॅच असली की माझी गिरणी चालत नसे. एक तर त्या घरघरीत समालोचन ऐकू येत नाही. आणि दुसरं म्हणजे, पोरं हरत असताना माझं लक्ष दगडाकडं राहत नाही आणि पीठ जाडं पडतं.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि माणूस ज्या गल्लीत जन्मतो त्या गल्लीच्या संघाचा होतो, त्याला कुणी विचारत नाही. मी निपाणीची. माहेरी असताना फुटबॉल गोल असतो यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन या गल्लीत आले, सासऱ्यांची गिरणी चालवायला लागले, टीव्ही आला, आणि पाहतापाहता मी अशी काही बिघडले की विचारू नका. गल्लीत जन्मलेली माणसं हरल्यावर चहा पिऊन घरी जायची. मला जेवण जात नसे.

त्या हंगामात रामलिंगनं सात मॅचेस खेळल्या होत्या आणि सहा हरल्या होत्या. सातवी बरोबरीत सुटली, कारण अंधुक झालं म्हणून पंचांनीच खेळ आवरता घेतला. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीतली आमची अकरा पोरं मैदानात उतरली की पांढऱ्या कापडावर चहा सांडल्यासारखं दिसायचं, आणि खेळही तसाच, जिकडं उतार तिकडं ओघळायचा.

पण खेळाचं मी एक वेळ सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते समालोचन.

आमच्या केबलवरच्या चॅनलवर दोघं जण बोलायचे. एक कोकरे सर, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, आवाज तुपात घोळलेला. दुसरे विश्वास भोईटे, जुने खेळाडू, ज्यांना जगात कुणाचंच वाईट दिसत नसे.

"काय डौलदार फटका," कोकरे सर टीव्हीतून म्हणत होते. "चेंडूनं गोलखांबाला हळूच निरोप दिला आणि तो पुढं निघून गेला. थोडक्यात हुकला."

"थोडक्यात?" मी म्हणाले. "आक्का, बघितलं न्हवं तुम्ही? चेंडू गॅलरीत चहावाल्याच्या किटलीवर पडला. वाफ दिसतीया अजून."

"मला लांबचं दिसत न्हाई," आक्का म्हणाल्या. "थोडक्यात म्हणालेत ते."

"नशिबानं साथ दिली असती तर गोल होता," भोईटे म्हणाले.

"नशिबानं साथ देऊन भागलं नसतं," मी टीव्हीला म्हणाले. "नशिबाला गोलखांब उपटून दुसऱ्या गल्लीत न्यायला लागले असते."

रांगेतली माणसं हसली. आतल्या बाजूला, टीव्हीकडं पाठ करून, आमचे हे गहू निवडत बसले होते. ते हसले नाहीत. ते मॅच कधी बघत नसत. तरुणपणी थोडंफार खेळले होते असं सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, पण पुढं गोडी गेली असावी, असं मी धरून चालले होते.

यांचं नाव आनंदा चौगुले. पण अख्खी गल्ली त्यांना शेल्फ म्हणायची. अंगानं ताठ, खांदे फळीसारखे सरळ, वरच्या मांडणीवरचे डबे स्टुलाशिवाय काढायचे, त्यामुळं नाव शोभायचंही. नवी नवरी होते तेव्हा चार दिवसांतच ते माझ्या कानावर आलं आणि मला आवडलं. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही, आणि 'अहो' म्हटलेलं गिरणीच्या घरघरीत ऐकू जात नाही. 'शेल्फराव' अशी हाक मात्र पार मागच्या परड्यापर्यंत पोचायची. सोळा वर्षं मी तीच मारत होते.

ती मॅच आम्ही तीन-शून्य हरलो. संपल्यावर टीव्हीच्या खालच्या पट्टीवर नेहमीप्रमाणं एक नंबर सरकू लागला. आपल्या प्रतिक्रिया कळवा. मी कळवायला घेतल्या. फोन उचलायचे ते चॅनलचे मालक, सलीम मुजावर.

"बोला वहिनी," ते म्हणाले. माझं नाव सांगायची गरज आता राहिली नव्हती.

"मुजावर, तुमचे कोकरे सर मॅच बघून बोलतात का घरून लिहून आणतात?"

"आज काय झालं?"

"आज तीन गोल खाल्ले आणि सर म्हणतात, संघानं खिलाडूपणाचा सुगंध दरवळवला. सुगंध आला का तुम्हाला? मला नाही आला. आमचा सेंटर फॉरवर्ड ऐंशी मिनिटांत चार वेळा पळाला, त्यातलं एकदा कुत्रं मागं लागलं म्हणून. हे सांगायला नको का कुणी?"

"वहिनी, ऐका माझं. लोकांना गोड लागतं ते."

"मला नाही लागत. मी दिवसभर पिठात उभी राहून चारला खटका ओढते, ते खोटं ऐकायला नाही."

पलीकडं मुजावरनी कागद चाळले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमची शेवटची मॅच आहे. भोईट्यांच्या मुलीचा साखरपुडा आहे, ते येणार नाहीत. सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. या की मग. बसा आणि सांगा खरं."

ते मला गप्प करायला म्हणाले होते, हे मला कळलं होतं. मीही नको म्हणून सोडून दिलं असतं. पण हात पिठाचे होते म्हणून मी फोनचा स्पीकर चालू ठेवलेला होता, आणि रांगेतली सहा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"किती वाजता येऊ?" मी म्हणाले.

ही बातमी गल्लीत पोचायला पीठ चाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बगाडेआक्कांनी मला लाल काठाची साडी नेस म्हणून सांगितलं, समालोचन टीव्हीवर दिसत नसतं हे त्यांना पटवता पटवता माझी दमछाक झाली. तालमीचे अध्यक्ष घरी येऊन गेले. शेवटची मॅच महत्त्वाची होती. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात टिकणार होता. हरला तर एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा खालच्या गटात जाणार होता. "पोरांचा उत्साह वाढेल असं बोला," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, बघू.

यांनी मात्र चार दिवस तोंड उघडलं नाही. शनिवारी दुपारी गिरणीच्या झिजलेल्या दगडाला हातोडीनं टाचे घालता घालता म्हणाले, "जाऊ नको."

"का?"

"नको म्हणतोय."

"बायकोनं टीव्हीवर बोललेलं चालत नाही, असं आहे का?"

"तसं नाही." त्यांनी हातोडी खाली ठेवली. बराच वेळ दगडावरचा भुगा हातानं झाडत राहिले. "जातीस तर जा. पोरांची नावं घेऊन बोलू नको, एवढं कर."

मला राग आला. सोळा वर्षांत यांनी मला कुठल्या गोष्टीला अडवलं नव्हतं आणि अडवायला ही गोष्ट सापडली होती. मी काही कबूल केलं नाही. रविवारी तीन वाजता लाल काठाची साडी नेसून निघाले.

समालोचनाची जागा म्हणजे गॅलरीच्या वर पत्र्याची एक खोली. एक टेबल, दोन माइक, टेबलफॅन, आणि फॅनच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला अर्ध्या विटेचा तुकडा. कोकरे सर उठून उभे राहिले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी इतके महिने ज्यांच्यावर तोंड टाकत होते ते हे, आणि त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली.

"या ताई. तुमचे फोन मुजावर मला ऐकवतात," ते म्हणाले. "कुत्र्याचं निरीक्षण बरोबर होतं."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण जरासंच.

"एक लक्षात ठेवा," सर म्हणाले. "हे नुसतं टीव्हीवर जात नाही. मैदानातल्या भोंग्यांवरही जातं. खेळाडू ऐकतात."

"मग तर बरंच आहे," मी म्हणाले.

शिट्टी झाली. पहिली पाच मिनिटं मी गप्प होते, कारण समोर माइक असला की जीभ टाळ्याला चिकटते हे मला ठाऊक नव्हतं. सर बोलत होते, हिरवळीवर पहाटेचं दव वगैरे, आणि समोर ऊन एवढं होतं की गोलकीपर डोळ्यांवर हात धरून उभा होता. मग आमच्या नऊ नंबरनं समोर कुणी नसताना चेंडू सरळ विरोधी खेळाडूच्या पायात नेऊन दिला.

"हा पास नव्हता," मी म्हणाले. "हा आहेर होता."

माझा आवाज भोंग्यांतून बाहेर पडला आणि मलाच दचकायला झालं. गिरणीत बोलायची सवय असलेल्या माणसाला माइक लागत नाही. तो तर त्या दिवशी होता. गॅलरी क्षणभर थांबली आणि मग हसली. चार हजार माणसं एकदम हसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नसतं.

"नऊ नंबर धावतोय. कुठं, ते त्याला मध्यरेषेपाशी गेल्यावर आठवेल."

"आमचा गोलकीपर किक मारतोय. गेल्या आठवड्यात यानं मारलेला चेंडू अजून खाली यायचा आहे."

"सात नंबर पडला. त्याला कुणी ढकललं नाही. दमला, आणि बसायला निमित्त पाहिजे होतं."

सात नंबर ताडकन उठला आणि त्यानं आमच्या पत्र्याच्या खोलीकडं असं पाहिलं की मी खुर्ची अर्धी वीत मागं सरकवली. पण उठून तो पळाला, आणि त्या हंगामात पहिल्यांदा पळाला. हसण्याच्या लाटेवर लाट येत होती. शेजारी सर मधूनच "उत्तम बचाव" किंवा "झुंज चालू आहे" असं म्हणायचे आणि माझ्याकडं न बघता कागद सरळ करायचे.

मध्यंतराला पाच मिनिटं असताना ते घडलं. आमचा चार नंबर, दीपक साळोखे, एकोणीस वर्षांचा, बचावात खेळायचा. चेंडू त्याच्याकडं आला, मागं विरोधी खेळाडू लागला होता, आणि त्यानं घाबरून चेंडू आपल्याच गोलकीपरकडं ढकलला. गोलकीपर पुढं आलेला होता. चेंडू त्याच्या बगलेतून सावकाश, अगदी घाई नसल्यासारखा, आपल्याच जाळ्यात गेला.

मैदान थबकलं. दीपक दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा राहिला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, चांगलं वाक्य होतं, मी श्वासही घेतला. आणि सरांनी हात पुढं करून माझ्या माइकचं बटण बंद केलं.

"चेंडू जाळ्यात," ते आपल्या माइकमध्ये म्हणाले. "एक-शून्य." एवढंच. कुणाकडून, कसं, काही नाही. मध्यंतर होईपर्यंत त्यांनी माझं बटण चालू करू दिलं नाही.

शिट्टी झाल्यावर मी उसळले. "हे काय केलंत? सगळ्या जगानं बघितलं कुणाच्या पायानं गेला ते. त्याचं नाव घ्यायचं नाही?"

"नाही."

"का? नवऱ्याचं नाव आहे का ते?"

सरांनी थर्मासमधून काढा ओतला, माझ्यापुढं ठेवला, आणि स्वतःसाठी झाकणात घेतला.

"ताई, सत्त्याऐंशी साली मी कॉलेजात नवीन लागलो होतो. वाक्यं फार सुचायची. ढालीची फायनल होती, याच मैदानावर, आणि माइक माझ्या हातात होता. तुमचीच रामलिंग तालीम. शेवटच्या मिनिटाला बचावातल्या एका मुलाच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. आणि मी म्हणालो..." ते थांबले. "मी म्हणालो, ह्यानं पाहुण्यांना दार उघडून आत घेतलं, आणि वर चहालाही थांबा म्हणाला."

वाक्य चांगलं होतं. मी गिळलेलंही त्याच पिठाचं होतं.

"लोक पाच मिनिटं हसत होते. मी फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या मुलाच्या घराच्या भिंतीवर चहाची किटली काढली. आठवड्याभरानं त्याला नाव पडलं. तो परत मैदानावर आला नाही. पायात एवढं कसब होतं त्याच्या, पण आलाच नाही. तेव्हापासून माझ्या तोंडून प्रत्येक चेंडू थोडक्यातच हुकतो. कळतं मला, ऐकायला कसं वाटतं ते."

"काय नाव पडलं?"

"सेल्फ गोलवरून. सेल्फ. अजून लोक त्याच नावानं हाक मारतात त्याला. मी रस्त्यात कधी ऐकलं तर दुसऱ्या बाजूनं जातो." सरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमच्याच गल्लीतला. तुम्हाला ठाऊक असेल."

खाली मैदानात कुणीतरी चुन्याची रेघ परत ओढत होतं. मी ती रेघ बघत राहिले. सेल्फ. गल्लीतल्या माणसांच्या तोंडात स चा श व्हायला कितीसा वेळ लागतो. नवी नवरी असताना मी पहिल्यांदा ती हाक मारली, मोठ्यानं, कौतुकानं, पाच-सहा गिऱ्हाइकं समोर असताना, तेव्हा यांच्या हातातली चाळण एकदम थांबली होती. नंतर ते "आलो" म्हणाले होते. सोळा वर्षं ते "आलो" म्हणत होते. गल्लीला वाटलं असेल, बाईला माहीत आहे आणि चेष्टेनं म्हणते. यांना काय वाटलं असेल, त्याचा विचार करायला मी त्या पत्र्याखाली बसून धजले नाही.

"काढा घ्या ताई," सर म्हणाले. "गार होतोय."

"सर, ते आमचे मालक आहेत," मी म्हणाले.

सरांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मग खाली शिट्टी झाली, आणि सरांनी आपण होऊन माझं बटण चालू केलं. ते स्वतः काही बोलेनात. त्यांना बोलवत नव्हतं.

खेळ सुरू झाला तसा समोरच्या गॅलरीतून आवाज यायला लागला. आधी दहा-बारा जणांचा, मग दोनशे-तीनशेंचा, टाळ्यांच्या तालावर. "सेल्फ, सेल्फ." चेंडू दीपकच्या जवळपास गेला की आवाज चढायचा. ते पोर चेंडूपासून लांब लांब सरकत होतं. चेंडू डावीकडं आला की ते उजवीकडं.

मी माइक जवळ ओढला. गोड बोलायला मला येत नव्हतं आणि चेष्टा करायची इच्छा मेली होती. राहिलं होतं ते एवढंच, की समोर जे दिसतं ते सांगायचं.

"चार नंबर, दीपक साळोखे," मी गिरणीतल्या आवाजात म्हणाले. "चेंडूकडं चाललाय. पोचला. अडवला. बाहेर मारला."

गॅलरी ओरडत होती. मी आणखी वरची पट्टी लावली.

"परत चार नंबर. डोक्यानं काढला. समोरच्या बाजूला काय ओरडतात ते मला ऐकू येत नाही, मी गिरणीवाली आहे, मला घरघरीची सवय आहे. चार नंबर परत चेंडूजवळ. पळून गेलेला नाही. अडवला."

शेजारून सर हळूच म्हणाले, "अडवला." फुलं नाहीत, दव नाही. आम्ही दोघं आळीपाळीनं तेवढंच म्हणत राहिलो. थोड्या वेळानं आमच्या गल्लीच्या गॅलरीनं ते उचललं. दीपकनं चेंडू अडवला की तीनेकशे माणसं "अडवला" म्हणायची, आणि त्यात समोरचा आवाज बुडायचा. पोरानं मान वर केली. शेवटची पंधरा मिनिटं तो खरोखर चांगला खेळला, हे मी सांगते, आणि मी कुणाचं उगीच चांगलं सांगत नाही.

दोन मिनिटं राहिली असताना नऊ नंबरला चेंडू मिळाला. त्यानं लांबून मारला. चेंडू गोलकीपरवरून गेला, खाली वळला, वरच्या आडव्या खांबाच्या आतल्या कडेला लागला, रेषेवर टप्पा पडला आणि बाहेर आला. सगळं मैदान उभं होतं. सर माझ्याकडं बघत होते. मी सरांकडं.

"थोडक्यात हुकला," मी म्हणाले. त्या सबंध हंगामात ते वाक्य पहिल्यांदा खरं होतं आणि ते माझ्या तोंडून जायचं होतं.

आम्ही एक-शून्य हरलो. एक्कावन्न वर्षांनी रामलिंग तालीम खालच्या गटात गेली. वर यायला पुढं चार वर्षं लागली, आणि वर आल्यावर पहिल्याच मॅचला पाच गोल खाल्ले, पण ते नंतरचं.

मुजावर खोलीत आले, पुढच्या हंगामाचं काहीतरी बोलायला लागले. मी त्यांना थांबवून बाहेर पडले. सर जिन्यापर्यंत आले. "चौगुल्यांना माझा..." असं म्हणाले आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. दोन पेनं खिशाला असलेल्या माणसाला.

माणसं पांगत होती. मी गर्दीबरोबर फाटकाशी आले, आणि सायकली लावायच्या जागेशेजारी आमचे हे उभे दिसले. केसांत पीठ, पायात घरातल्या चपला. बावीस वर्षांत या फाटकाशी आले नव्हते ते. मी जवळ गेले. काय म्हणून हाक मारावी ते मला सुचेना, म्हणून नुसतीच समोर उभी राहिले.

"गिरणी?" मी विचारलं.

"आक्का बसल्यात."

"अहो, मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला आज कळलंय, हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असावं. "ते मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं," ते म्हणाले.

"मग सांगायचं नाही?"

"तू हाक मारायचीस तेव्हा त्याचा अर्थ फळी होता," ते म्हणाले. "बरं वाटायचं."

मी त्यांच्या केसांतलं पीठ झाडायला हात वर केला. तेवढ्यात ते मान वळवून म्हणाले, "मागचं दार अजून तिकडंच आहे का? नळाच्या बाजूला?"

"कशाला?"

"ते पोर पुढच्या दारानं येणार नाही. सगळी जाईपर्यंत आत बसेल आणि मग तिकडून निघेल."

आम्ही नळापाशी जाऊन उभे राहिलो. मैदान रिकामं झालं, पताका गुंडाळल्या, चहावाल्यानं किटल्या आवरल्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा लोखंडी दार एवढंसं उघडलं आणि दीपक साळोखे बाहेर आला. जर्सी बदललेली, डोळे लाल, पिशवी छातीशी धरलेली. आम्हाला बघून तो परत आत जायला लागला.

"सकाळपासून काही खाल्लंस?" यांनी विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"चल."

कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. यांनी तीन कटवडे सांगितले. कटाचा लालभडक रस्सा वाट्यांच्या काठापर्यंत आला. पोरगं खाली मान घालून वडा मोडत होतं, खात नव्हतं.

"टीव्हीत बघितलं मी. डावा पाय आधी टेकवलास," हे म्हणाले. "म्हणून अंग वळलं. घाईत तसंच होतं. माझंही तसंच झालं होतं."

दीपकनं पहिल्यांदा वर पाहिलं. गल्लीतलंच पोर ते, त्याला सगळं ठाऊक होतं. फक्त ते यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला माणूस होता. दुसरी मी.

"मग काका," तो म्हणाला, "तुम्ही पुढच्या मॅचला काय केलंसा?"

"गेलो नाही."

यांनी पावाचा तुकडा रश्शात बुडवला, तो भिजेपर्यंत थांबले.

"चूक ती झाली," ते म्हणाले.

दीपकनं मान हलवली. मग त्यानं वडा उचलला, एक घास घेतला, आणि दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"कट लई तिखट आहे," तो म्हणाला.

"आहे खरा," हे म्हणाले, आणि आपल्यापुढचं पाणी त्याच्याकडं सरकवलं.